झाकणाखालचे पाणी

बधिरतेची सुई टोचून झाल्यावर दातांच्या डॉक्टरांनी किनुयोला बाहेरच्या बाकावर बसवून ठेवले होते. उजव्या गालाची जाणीव ओसरत्या उजेडासारखी हळूहळू मावळत असतानाच, समोरच्या भिंतीवर आवाज बंद करून ठेवलेल्या टीव्हीत तिला ती वाटी दिसली. प्रथम तिला वाटले, हा औषधाचाच काही खेळ असावा. गाल जसा आपला असून आपला वाटत नाही, तशी ही वाटीही कुठल्या तरी स्मरणातून सुटून डोळ्यांपुढे आली असावी. पण चित्र हलत होते. एके काळी दर शुक्रवारी संध्याकाळी सारा देश जी पाकस्पर्धा श्वास रोखून पाहत असे, तो 'चुलीचा दरबार' आता परमुलखांत कसकसा भरतो, हे दुपारच्या कार्यक्रमात दाखवीत होते. तांबूस दाढ्यांचे परीक्षक, शुभ्र टोप्या घातलेले दोन आचारी, मधोमध धगधगणाऱ्या शेगड्या. आणि परीक्षकांच्या पाठीमागे, डाव्या अंगाला, हातभर उंचीच्या चौरंगावर, काळ्या लाखेची, झाकण घातलेली एक लहानशी वाटी. तिच्याकडे कोणी पाहत नव्हते. कोणी तिला हात लावला नाही. पाहुणा यायचा राहिला आहे आणि यजमान बोलण्यात गुंतले आहेत, अशा घरातल्या पानासारखी ती तिथे स्वस्थ बसली होती. चित्र बदलले. दुसरा देश, दुसरे परीक्षक, भिंतींचा रंग निराळा. डाव्या अंगाला चौरंग, चौरंगावर वाटी. किनुयो उठून उभी राहिली आणि त्याच क्षणी आतून हाक आली.

खुर्चीत आडवी झाल्यावर डोक्यावरचा वाटोळा दिवा तिच्या तोंडावर उतरला. ती काम करी त्या टीव्हीच्या स्टुडिओतले दिवेही असेच उतरत. त्यांच्या प्रकाशात कोथिंबिरीची पानेसुद्धा घटकाभरात मान टाकीत, आणि तिला ती पाण्याच्या थेंबांनी पुन्हा जागी करावी लागत. डॉक्टर ओबा तिच्या तोंडात कापसाचे बोळे सारत म्हणाले, "जबडा सैल सोडा, बाई. दात मला उपटायचा आहे, तुम्ही तर त्याच्यावर पहारा बसवलात." तिला उत्तर देता आले नाही. ती त्या दिव्याकडे पाहत राहिली आणि मनात म्हणत राहिली, गुरुवारी वन्सं येणार आहेत. गुरुवारी वन्सं येतील आणि मला उत्तर द्यावे लागेल.

वन्सं म्हणजे तिच्या नवऱ्याची थोरली बहीण, मित्सु. कानाझावाहून तिचा फोन आला होता, आणि नेहमीप्रमाणे कुशल विचारण्याच्या आधीच तिने मुद्द्याला हात घातला होता. आईची नव्वदी उलटली. आता ती काही हिवाळा पार करायची नाही. रेइजीला, म्हणजे किनुयोच्या नवऱ्याला, बेपत्ता होऊन कायद्याला हवीत त्याहून कितीतरी जास्त वर्षे झाली. न्यायालयात अर्ज केला की तो वारला असे जाहीर होते, मग थडग्याच्या दगडावर नाव कोरता येते. अर्ज मित्सु एकटीही करू शकत होती. पण ती म्हणाली, "बायको तू आहेस. तुझ्या तोंडून होय आल्याशिवाय मी पाऊल टाकणार नाही. पण ऐक माझं. मेल्याला पाणी मिळतं, जित्याला घरचं अन्न मिळतं. त्या पोराला दोन्ही नाही. आईला झोप लागत नाही गं त्या विचारानं." किनुयोने फोन कानाशी तसाच धरून ठेवला होता. पन्नाशी ओलांडलेल्या, कदाचित टक्कल पडलेल्या, कदाचित नसलेल्या एका माणसाला कोणी तरी पोर म्हटले, एवढेच तिला ऐकू येत राहिले.

तिचे काम एका विचित्र नावाचे होते. टीव्हीच्या धंद्यात चित्रीकरणासाठी जे जे आणले जाते आणि त्यातच संपते, खाल्ले जाते, प्यायले जाते, जळते, फुटते, त्या साऱ्याला 'किएमोनो' म्हणतात. नाहीशी होणारी वस्तू. किनुयो त्या नाहीशा होणाऱ्या वस्तूंची कारभारीण होती. मालिकेतल्या कुटुंबाने सात वेळा केलेली एकच न्याहारी, मारामारीत भिरकावायचे कलिंगड, आजाऱ्याच्या उशाशी ठेवायची पेज, सारे तिच्या हातून निघे आणि दिव्यांखाली विरून जाई. 'चुलीचा दरबार' सुरू झाला तेव्हा तिला वाटले होते, आता आपल्याला काय काम? इथे रांधणारे नामांकित आचारी आहेत. पण त्या दिवशीचा मुख्य जिन्नस, लाल कापडाखाली झाकून ठेवलेला, दरबारपतीच्या एका हातवाऱ्यासरशी जगापुढे उघडा होणारा, तो तीच बाजारातून निवडून आणी: जिवंत खेकडे, आळिंबी, मुळ्यांचा ढीग. आणि परीक्षकांसाठी वाढलेल्या पानांखेरीज एक जास्तीचे पान असे, केवळ कॅमेऱ्यासाठी वाढलेले. ते जवळून टिपून झाले की कुणाचेच नसे. तेही तिच्याकडे येई. रेइजी गेला तो त्या दरबाराच्या पहिल्याच वर्षी. आपल्या इच्छेने घरदार सोडून जो माणूस मागमूस न ठेवता जातो, त्याला इकडे पळाला म्हणत नाहीत. त्याची वाफ झाली म्हणतात. वेशभूषेच्या खोलीत दोन बाया हसत होत्या, ते तिने दाराबाहेरून ऐकले होते: "किएमोनोवालीचा नवराच किएमोनो झाला की." शब्द चपखल होता. तिला राग येण्याऐवजी त्या चपखलपणाचेच नवल वाटले होते, आणि पुढे किती तरी दिवस भाजीचा ट्रे उचलताना ते वाक्य तिच्या ओठांवर आपसूक येई.

रेइजी पियानो जुळवणारा होता. लोकांच्या घरी जाऊन तो एकेक तार कानाने तपासी, आणि घरी आल्यावर त्याचा कान विश्रांती घेत नसे. पायरीचा आवाज, किटलीचा आवाज, शेजारच्या न्हाणीतल्या पाण्याचा आवाज, साऱ्यांची तो मनातल्या मनात जुळणी करी. लाखेच्या वाटीतले सार जरा निवले की झाकण आतल्या आत ओढले जाऊन घट्ट बसते. मग वाटीच्या कडा दोन बोटांनी हळूच दाबाव्या लागतात आणि आत शिरणाऱ्या वाऱ्याचा बारीकसा उसासा येतो. तो रोज सकाळी कान वाटीशी नेऊन तो उसासा ऐकी. एकदा म्हणाला होता, "साऱ्या घरात हा एकच सूर मला लावावा लागत नाही." शेवटच्या सकाळीही त्याने कडा दाबल्या, उसासा ऐकला, झाकण उचलले, आतल्या वाफेत तोंड धरल्यासारखे केले, आणि मग न पिता झाकण पुन्हा जागच्या जागी ठेवले. उशीर झाला असेल, असे तिला वाटले. त्याचा सूर जुळवायचा दुबेळका काटा दाराजवळच्या फळीवर तसाच राहिला होता. संध्याकाळी ती परतली तेव्हा वाटी मेजावर होती आणि झाकण इतके घट्ट बसले होते की दोन्ही हातांनी दाबूनही ते सुटेना. पुढची सारी वर्षे तिने त्या एका कृतीभोवती प्रदक्षिणा घातल्या. नको असलेले अन्न माणूस तसेच टाकून उठतो. झाकून कशाला ठेवील?

दूरदेशी गेलेल्या माणसासाठी घरात जे पान मांडतात त्याला सावलीचे पान म्हणतात. किनुयोच्या लहानपणी प्रत्येक आळीत एखादे तरी घर ते मांडीत असे. कुणाचा मुलगा समुद्रावर, कुणाचा नवरा युद्धावरून परतायचा राहिलेला. सर्वांचे जेवण आटोपल्यावर घरची वडील बाई त्या वाटीचे झाकण उचलून उजेडाकडे धरी. आतल्या बाजूला थेंब असले, की गेलेला सुखरूप आहे. गरम सारावर झाकण ठेवले तर थेंब येणारच, हे काय त्या बायांना ठाऊक नव्हते? ठाऊक असून त्या रोज पाहत, आणि रोज त्यांच्या तोंडावर आनंद उमटे. किनुयोने घरी एकटीने ते मांडून पाहिले. पण एकटीच्या घरात दोन पाने मांडली की दुसरे पान नव्हे, पहिलेच सावलीचे वाटू लागते. मग एका शुक्रवारी, कॅमेऱ्यासाठी वाढलेल्या पानातले गरम सार तिने घरच्या काळ्या वाटीत ओतले, झाकले, आणि परीक्षकांच्या मागे रिकाम्या पडलेल्या चौरंगावर ठेवून दिले. तिथे माणसे होती, उजेड होता, ऊब होती. एवढ्या मोठ्या पंक्तीत एक पान जास्त झाले तर कुणाला खुपणार होते? दिग्दर्शक कुसाकांनी विचारलेच, हे काय म्हणून. तिच्या तोंडून निघून गेले, "चुलीच्या देवाचा नैवेद्य." इतक्या आगीशी खेळ चाललेल्या जागी देवाला नको कोण म्हणणार? कुसाकांनी मान डोलावली. वाटी तिथेच राहिली, आठवड्यामागून आठवडा, आणि हळूहळू दरबाराच्या देखाव्याचा भाग होऊन गेली. खेळ संपला की ती झाकण उचलून दिव्याकडे धरी, थेंब पाही आणि कामाला लागे.

मग एका उन्हाळ्यात मुख्य जिन्नस निघाला काकडी. दोन्ही आचाऱ्यांनी सारे थंडच रांधले. बर्फावर ठेवलेले पातळ सार तिने वाटीत ओतले, आणि खेळ संपल्यावर झाकण उचलले तर आतली लाल लाख कोरडी, आरशासारखी. तिच्यात दिवे दिसत होते आणि तिचा चेहरा दिसत होता. कारण तिला पुरते कळत होते. तरीही तिने झाकण घाईघाईने परत ठेवले. ज्या बाईला थेंबांवर विश्वास ठेवायचा आहे, तिला कोरडेपणावरही ठेवावा लागतो. तराजूचे एकच पारडे कसे घरी नेणार? त्यानंतर ती वाटी रिकामीच ठेवू लागली. पुढच्या वर्षी दरबारच बंद झाला. सेट मोडताना ती वाटी कुठे गेली हे तिने विचारले नाही. आणि आज, गालात कापूस आणि जिभेवर लोखंडाची चव घेऊन, ती रस्त्याने चालली होती, आणि गिंकोच्या झाडांची पिवळी पाने पायांखाली ओल्या कागदासारखी निमूट पडत होती, आणि तिला वाटत होते की पृथ्वीच्या पाठीवर कुठे कुठे, ज्यांची नावेही आपल्याला उच्चारता येणार नाहीत अशा गावांत, कुणाकुणाच्या पाठीमागे ह्यांचे पान मांडलेले आहे. आणि मांडणाऱ्याला पत्ता नाही.

दुसऱ्या दिवशी ती नदीपलीकडे कुसाकांकडे गेली. कुसाका आता निवृत्त होऊन लोणची घालीत असत आणि त्यांची पत्नी ती शेजाऱ्यापाजाऱ्यांत वाटून टाकीत असे, कारण घरात ती खाण्याची कुणाची छाती नव्हती. किनुयोची सुजलेले गालफड पाहून ते म्हणाले, "एका बाजूने हसा, दुसऱ्या बाजूने रडा, सोय झाली तुमची." तिने वाटीचा विषय काढला, तेव्हा ते उठून कपाटाकडे गेले. ठिकठिकाणच्या लोकांनी त्यांना आपापल्या दरबाराच्या चित्रणाच्या चकत्या पाठवल्या होत्या. हे लोक इथून जुन्या ध्वनिचित्रफिती आणि सेटचे आराखडे घेऊन गेले होते, आणि आराखड्यात जे जे होते ते ते त्यांनी उभे केले होते. पडदे ओढून दोघे बसली. दुपारच्या त्या पिवळट अंधारात देशामागून देश सरकत गेले. एका ठिकाणी वाटी काचेची होती आणि तिच्यात दिवा तेवत होता. एका ठिकाणी ती घंगाळाएवढी मोठी केली होती. एका ठिकाणी हरलेला आचारी जाताना तिला ओझरता स्पर्श करी, आणि तो स्पर्श आता शुभ मानला जाई. किनुयोला हसू आले. भाषा न कळणाऱ्या माणसाने ऐकून ऐकून पाठ केलेल्या स्तोत्रासारखे ते सारे होते, अक्षर अन् अक्षर चुकलेले आणि तरी हात जोडलेले.

शेवटची चकती एका थंड, वाऱ्याच्या देशातली होती. स्टुडिओ गरीब, दिवे थोडे. एक स्थूल, पांढऱ्या केसांची स्वयंपाकीण परीक्षकांना वाढण्याआधी आपल्या पातेल्यातले सार डावाने त्या वाटीत घालीत होती आणि झाकत होती. तिला ते करताना कॅमेरा नीट टिपतही नव्हता. खेळ संपून नावे वर सरकू लागली, मागे दिवे मालवले जाऊ लागले. तेव्हा तीच बाई चौरंगापाशी आली, तिने वाटी उचलली, आत काय उरले ते पाहायला झाकण तिरके केले, आणि झाकणातले पाणी तिच्या मनगटावर ओघळले. तिने ते कमरेच्या कापडाला पुसले. नावे संपली. पडदा काळा झाला. किनुयोने आपले मनगट दुसऱ्या हाताने धरून ठेवले होते.

"तिला कुणी सांगितलं?" तिने विचारले. सुजेमुळे शब्द जड, ओले निघाले.

"मी," कुसाका म्हणाले. "विचारायचे ना सगळे, त्या वाटीत काय घालायचं म्हणून. मी म्हणायचो, काय वाटेल ते घाला. पण गरम घाला आणि झाका. बाकीचं विसरलात तरी चालेल. बहुतेक हेच विसरले." मग थोडा वेळ चकतीच्या कडेवरून बोट फिरवीत ते म्हणाले, "बाई, देवापुढचं पान कुणी झाकून ठेवतं का? देवाला उघडं वाढतात, मेल्याला उघडं वाढतात. माझ्या आईनं माझ्या बापासाठी अकरा वर्षं झाकून ठेवलं होतं. मी पहिल्या दिवशीच ओळखलं."

किनुयोने मनगटावरचा हात काढला. मग म्हणाली, "नंतर मी रिकामीच ठेवत होते."

"ते पण ओळखलं. मी माझ्या थर्मासातला चहा ओतायचो त्यात. स्वस्तातला होता. रेइजींना सांगा, रागावू नका म्हणावं."

परतीच्या वाटेवर, नदीच्या पुलावर उभी असताना, तिला आधी कृतज्ञता वाटली नाही, राग आला. आपल्या दाराशी आलेल्याला आपल्या नावाने कुणी परक्याने ओ द्यावी, तसे काही तरी झाले होते. तिच्या शोकाच्या कोरड्या वर्षात कुणी तरी न विचारता पाणी घातले होते. पण खाली पाणी संथ होते, वरच्या राखाडी आभाळाशी त्याची सीमा कुठे आहे ते कळत नव्हते, आणि तिच्या सुजून जड झालेल्या गालात आता मुंग्या येऊ लागल्या होत्या. बऱ्याच दिवसांनी कुणी तरी आतून हाक मारावी तशा. वाफ झालेले जाते कुठे? ती वर जाते, गार कशाला तरी टेकते आणि थांबते. तेवढ्यापुरते कुणी तरी झाकण धरून ठेवले पाहिजे, एवढेच. हा विचार पुरा होण्याआधीच तिच्या हातून निसटला आणि ती घरी गेली.

गुरुवारी मित्सु आली. छत्री, टोपली, टोपलीत कानाझावाचे मासे, आणि पिशवीत तो अर्ज. किनुयोने तिला बसवले, आईची चौकशी केली. मित्सु म्हणाली, खाणं सोडलंय, पण शिव्या देण्याइतकी ताकद आहे अजून. मग किनुयो आत गेली आणि सार गरम केले. मेजावर तिने तीन पाने मांडली. दोन वाट्या उघड्या ठेवल्या. तिसरी, परवाच बाजारातून नवी आणलेली, काळी, आतून लाल, तिच्यावर झाकण ठेवले. मित्सुने त्या पानाकडे पाहिले. तिने पिशवीचा बंद सोडला होता. त्यावर तिचा हात तसाच राहिला.

दोघी जेवल्या. मित्सु माशांविषयी बोलली, आगगाडीत शेजारी बसलेल्या बाईविषयी बोलली, किनुयोच्या साराला मीठ कमी आहे असे म्हणाली आणि दुसऱ्यांदा घेतले. बोलण्यात मधून मधून खळ पडे, आणि दोघींची नजर कुठे जाते हे दोघींना कळे. बाहेर कुणी तरी सायकलची घंटा वाजवीत गेले. जेवण आटोपल्यावर मित्सुने, वडीलधाऱ्या बाईचा तो अधिकार कुणी तिला दिला नसताना, हात लांब केला आणि तिसरी वाटी आपल्यापुढे ओढली. दोन बोटांनी तिने कडा दाबल्या. तिची बोटे लांब होती, पेरांशी किंचित वाकलेली. भावाची होती तशीच. वाटीतून तो बारीक उसासा आला, आणि मित्सुचा कान नकळत, केसभर, त्या दिशेला झुकला. किनुयोने डोळे मिटून घेतले. इतक्या वर्षांत तो सूर तिने स्वतःला ऐकू दिला नव्हता.

मित्सुने झाकण उचलून खिडकीकडे धरले. आत थेंबच थेंब होते. काही एकमेकांत मिळून ओघळण्याच्या बेतात होते. ती पुष्कळ वेळ पाहत राहिली.

"गरमावर झाकलं की थेंब येतातच, किनुयो. हे तुला कळतं ना?"

"कळतं, वन्सं."

"मग?"

"मग गरमच ठेवायचं."

मित्सुने झाकण न पुसता, एकही थेंब सांडू न देता, वाटीवर परत ठेवले. पिशवीचा बंद तिने पुन्हा बांधला. गाठ नीट बसेना, तेव्हा सोडून पुन्हा बांधला. शेगडीवर किटली हलकेच गुणगुणू लागली होती. खिडकीची काच खालून वर धुरकट होत चालली होती आणि पलीकडची गल्ली, तारा, पिवळे झाड, सारे त्या धुरकटपणात विरघळत होते.

"आईला मी काय सांगू पण?" मित्सुने विचारले. तिचा आवाज एकाएकी धाकट्या बहिणीचा झाला होता.

किनुयोने वाटी उचलून शेगडीच्या उबेला सरकवली.

"सांगा," ती म्हणाली, "जेवण झाकून ठेवलंय."